टोक धरून ओढा, मग बोलू

गणित शिक्षकांचं प्रशिक्षण असलं की चहाच्या सुट्टीत एखादा नवा शिक्षक हमखास विचारतो, "बाई, कुठलं सॉफ्टवेअर चांगलं?" मी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आठवी ते दहावीला गणित शिकवते. आमच्या संगणक कक्षातली निम्मी यंत्रं जुनी आहेत आणि वीज तिच्या मर्जीने येते. मी वापरते ती साधनं तीनच: भूमितीला जिओजेब्रा, आकडेमोडीला लिबरऑफिसमधलं कॅल्क आणि कोनांसाठी लोगोचं कासव. तिन्ही फुकट मिळतात. पण नावं सांगून त्या शिक्षकाचं काम भागत नाही, म्हणून चहाच्या सुट्टीत सांगायचं राहून जातं ते इथे लिहिते आहे.

१. चौरस काढायचा नाही, रचायचा

पहिल्या तासाला मी मुलांना एवढंच सांगते: पडद्यावर चौरस करा. बहुतेक जण चौकटीच्या रेषांवर नेम धरून चार बिंदू ठेवतात, जोडतात आणि हात वर करतात. मग मी म्हणते, "आता एक टोक धरून ओढ." चौरसाचा पतंग होतो, नाहीतर त्याला काही नावच उरत नाही. वर्गात हशा होतो. कुणीतरी म्हणतं, "मोडला!"

तिथून खरा धडा सुरू होतो. ओढला तरी चौरसच राहील असा चौरस करायचा, तर त्याच्या बाजू एकमेकींना बांधाव्या लागतात. एक रेषाखंड घ्यायचा, टोकावर लंब उभा करायचा, तेवढ्याच त्रिज्येचं वर्तुळ काढून लंबाला छेद द्यायचा. म्हणजे चौरसाची व्याख्या हाताने वापरायची. वर्षानुवर्षं 'चारही बाजू समान व चारही कोन काटकोन' असं घोकणाऱ्या मुलांना समान बाजू कुठून आणायच्या, हा प्रश्न इथे प्रथमच पडतो. वर्तुळातून आणायच्या हे सुचलं की कंपासपेटीतला कंपास कशासाठी असतो तेही कळतं.

बिंदू ओढला की त्याच्यावर अवलंबून असलेलं सगळं सरकतं, एवढी एकच गोष्ट या प्रकारच्या सॉफ्टवेअरने गणिताच्या वर्गात नवीन आणली. फ्रान्समधल्या ग्रनोबल इथलं काब्री १९८० च्या दशकातलं, अमेरिकेतलं जिओमीटर्स स्केचपॅड १९९१ चं. जिओजेब्रा २००१ साली ऑस्ट्रियात साल्झबर्ग विद्यापीठात मार्कुस होहेनवार्टर या विद्यार्थ्याने सुरू केलं. पुढे त्यात आलेख आले, त्रिमिती आली, बटणांची भलीमोठी रांग आली. माझ्या मते शाळेत मोलाचं आहे ते हे ओढणंच. फळ्यावर खडूने काढलेला त्रिकोण जागचा हलत नाही, आणि पुष्कळ मुलांना 'त्रिकोण' म्हणजे तो तळ आडवा असलेला एकच त्रिकोण वाटत राहतो.

आता आमच्या वर्गात "मोडतो का बघ" हा वाक्प्रचारच झाला आहे. बीजगणितात कुणी भलतंच सूत्र मांडलं तरी शेजारचा म्हणतो, "मोडतो का बघ," आणि एक्सच्या जागी दोन-तीन संख्या घालून बघतो.

२. आधी वहीत अंदाज, मग माउसला हात

वही बंद ठेवून मुलांना संगणकापुढे बसवलं की तास मजेत जातो आणि पदरात काही पडत नाही. माझा नियम असा: कोणताही बिंदू ओढण्यापूर्वी काय होईल ते वहीत एका वाक्यात लिहायचं. चुकलं तरी खोडायचं नाही.

यासाठी माझी आवडती आकृती म्हणजे कसलाही चौकोन घेऊन त्याच्या बाजूंचे मध्यबिंदू क्रमाने जोडणं. आत काय मिळेल? "काहीही मिळेल," "वेडावाकडा चौकोन," "चौरस" अशी उत्तरं वहीत येतात. मग पडद्यावर समांतरभुज चौकोन दिसतो. ओढा, ताणा, दाबा, तो समांतरभुजच राहतो. एक टोक आत ढकलून चौकोन अंतर्वक्र केला तरी तेच. दोन बाजू एकमेकींना छेदतील इतकं टोक पलीकडे नेलं तरीही तेच, आणि इथे मुलं खरोखर खुर्चीतून उठतात. हे प्रमेय फ्रेंच गणिती पिएर व्हारिन्यों याच्या नावाने ओळखलं जातं. ते छापून आलं १७३१ साली, त्याच्या मृत्यूनंतर.

अंदाज लिहिलेला असला की नवल वाटतं. लिहिलेला नसला की "हां, असंच होणार होतं" म्हणून मुलं पुढच्या आकृतीकडे वळतात.

३. "इतक्यांदा ओढलं, आता सिद्धता कशाला?"

हा प्रश्न दरवर्षी येतो आणि तो रास्त आहे. मुलगा शंभर चौकोन डोळ्यांनी पाहून बसलेला असतो, त्यानंतर फळ्यावर 'पक्ष, साध्य, सिद्धता' लिहिलं की त्याला ती कटकट वाटते. माझ्यापाशी यावर दोन उपाय आहेत.

पहिला कॅल्कमधला. एका रकान्यात ०, १, २, ३ असे आकडे भरायचे. शेजारच्या रकान्यात त्या संख्येचा वर्ग, अधिक ती संख्या, अधिक ४१. येतात ४१, ४३, ४७, ५३, ६१... सगळ्या मूळ संख्या. मुलं तपासत जातात. दहा ओळी, वीस ओळी, तीस ओळी. "बाई, नेहमीच मूळ संख्या येते." ० पासून ३९ पर्यंत खरंच येते, सलग चाळीस वेळा. ४० ला येतं १६८१, आणि ते ४१ गुणिले ४१. ऑयलरच्या नावाने ओळखलं जाणारं हे सूत्र माझ्या लांबलचक भाषणापेक्षा जास्त काम करतं.

दुसरा उपाय त्या चौकोनापाशी परत नेणारा. मी एवढंच म्हणते, "एक कर्ण काढ." कर्ण काढला की चौकोनाचे दोन त्रिकोण होतात, दोन्हींत मध्यबिंदूंचं प्रमेय लागू पडतं आणि समोरासमोरच्या दोन बाजू त्या कर्णाला समांतर व त्याच्या निम्म्या आहेत हे दिसतं. चौकोन कितीही पिळला तरी कर्ण तिथे असतोच, म्हणून प्रमेय मोडत नाही. 'मोडत नाही' हे पडद्याने दाखवलं होतं, 'का मोडत नाही' हे कर्णाने सांगितलं. तो कर्ण कोणतंही सॉफ्टवेअर आपण होऊन काढत नाही. तो कुणाला तरी सुचावा लागतो, आणि तो सुचेपर्यंत गप्प बसणं हे शिक्षकाच्या कामातलं सगळ्यात अवघड काम आहे.

४. पडद्यावर १७९ आले तर आनंद माना

त्रिकोणाचे तीन कोन मोजायला लावा आणि दशांश स्थळं शून्यावर ठेवा. थोड्याच वेळात कुणाच्या तरी पडद्यावर ३३, ७३ आणि ७३ येतील. बेरीज १७९. खरे कोन ३३.४, ७३.३ आणि ७३.३ आहेत, यंत्राने प्रत्येक वेगळा पूर्णांकात बसवला. हे दशांश स्थळं वाढवून दाखवता येतं, पण लगेच दाखवू नका. "एक अंश कुठे गेला?" असं विचारा आणि थांबा. आसन्न किमतीचा जो पाठ एरवी मुलांना कोरडा वाटतो तो या हरवलेल्या अंशापायी दहा मिनिटांत शिकवून होतो.

दुसरी गंमत कोन मोजण्याच्या साधनाची. जिओजेब्रा कोन घड्याळाच्या उलट दिशेने मोजतं. बिंदूंवर उलट क्रमाने टिचकी मारली की आतल्या कोनाऐवजी बाहेरचा प्रविशाल कोन मिळतो. तिन्ही वेळा उलट क्रम घेणाऱ्याच्या त्रिकोणाची बेरीज ९०० येते. तो घाबरून पुसायला लागतो. त्याला पुसू देऊ नका, ९०० च का, हे विचारा. तीनदा ३६० म्हणजे १०८०, त्यातून १८० गेले. मुलं हे स्वतः काढतात, आणि 'कोनाला दिशा असते' ही पुढे त्रिकोणमितीत लागणारी गोष्ट त्यांना न सांगता भेटते.

५. दोन यंत्रांत भांडण लावून द्या

कॅल्कमध्ये उणे दोनचा वर्ग लिहा: बरोबरचं चिन्ह, उणे, दोन, घातचिन्ह, दोन. उत्तर येतं ४. हेच जिओजेब्रात लिहा, उत्तर येतं उणे ४. वर्गात शांतता. कॅल्क उणे चिन्ह दोनला आधी चिकटवतं, जिओजेब्रा आधी वर्ग करतं आणि मग उणे लावतं. आपल्या वहीतला नियम जिओजेब्रासारखा आहे. आता कॅल्कमध्ये पुढे एक शून्य घालून 'शून्य उणे दोनचा वर्ग' करा, तिथेही उणे ४ येतं.

"संगणक चुकत नाही" हे वाक्य आमच्याकडे पालकांपासून सरपंचांपर्यंत सगळे म्हणतात. मुलांनी ते एकदा तरी तपासलेलं असावं.

६. कासव आधी मैदानात, मग पडद्यावर

लोगो ही भाषा १९६७ ची. सीमूर पॅपर्ट, वॉली फॉयर्झाइग आणि सिंथिया सॉलोमन यांनी ती मुलांसाठी तयार केली. पडद्यावरचं कासव 'पन्नास पुढे जा', 'नव्वद अंशांत उजवीकडे वळ' एवढंच ऐकतं आणि चालताना मागे रेघ ओढतं. आजही लिबरऑफिस रायटरमध्ये 'लोगो' नावाची पट्टी उघडली की ते कासव मिळतं. हे पुष्कळ शिक्षकांना माहीत नसतं.

समभुज त्रिकोण काढायला सांगितलं की बहुतेक मुलं वळणाला ६० देतात. त्रिकोणाचा कोन ६० चा, हे त्यांना पाठ असतं. कासव तीन बाजू चालून अर्धवट षटकोन काढून थांबतं. इथे मी सगळ्यांना मैदानात नेते. खडूने समभुज त्रिकोण आखायचा आणि एकाने त्यावरून चालायचं. कोपऱ्यावर पोचल्यावर तो किती वळला, हे बाकीच्यांनी बघायचं. चालणाऱ्याला नाक सरळ ठेवून पुढच्या बाजूकडे तोंड करायला बरंच वळावं लागतं, ६० पेक्षा पुष्कळ जास्त. बाह्यकोन पुस्तकात तुटक रेषेने दाखवलेला असतो, तो इथे मानेला जाणवतो. आणि चालणारा पुन्हा जागेवर येऊन मूळ दिशेला तोंड करतो तेव्हा त्याची एक पूर्ण गिरकी झालेली असते. मग पंचकोनाला ७२, षटकोनाला ६० हे सांगावं लागत नाही.

सप्तकोन मात्र मुद्दाम द्यावा. कुणी ५१ घालतं, सात वेळा वळून ३५७ च होतात. बाजू लांब घेतल्या की शेवटचं टोक पहिल्याला भेटत नाही हे स्पष्ट दिसतं. कुणी ५१.४ घालतं, फट अरुंद होते. शेवटी एखादी मुलगी सरळ '३६० भागिले ७' असंच लिहून देते. अपूर्णांक दशांशात बदलायलाच हवा असं थोडंच आहे, हे तिने कुणाकडून ऐकलेलं नसतं. पाच टोकांच्या चांदणीला १४४ लागतात, कारण कासव दोन गिरक्या घेतं. हे मी दिवाळीच्या सुट्टीत घरी करायला देते.

७. कापरेकरांना वर्गात बोलवा

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर देवळालीच्या शाळेत शिक्षक होते. १९०५ साली डहाणूला जन्म, आणि आयुष्यभर संख्यांशी खेळ. त्यांची ६१७४ ही संख्या जगभर माहीत आहे. मार्टिन गार्डनर यांनी १९७५ साली 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिलं. नाशिकजवळच्या शाळामास्तरची संख्या आपल्याच मुलांना माहीत नसावी हे मला खटकतं, म्हणून आमच्याकडे कॅल्कची सुरुवात तिनेच होते.

खेळ असा: चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नसावेत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, चढत्या क्रमाने मांडा, मोठीतून लहान वजा करा. येईल त्या संख्येवर पुन्हा तेच. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येते आणि तिथेच थांबते. दोन-तीन संख्या मुलं हाताने करतात, हे मी सोडत नाही. मधेच वजाबाकी चुकली तरी पुढे ६१७४ बहुधा येतेच, म्हणून उत्तर आलं तरी प्रत्येक पायरी तपासावी लागते. त्यानंतर कॅल्कमध्ये सूत्रं बसवून एकदम सगळ्या संख्या तपासायच्या.

सूत्र बसवताना जे घडतं ते मला त्या संख्येपेक्षाही आवडतं. १००० घ्या. हजार वजा एक, ९९९. कागदावर मुलं ०९९९ लिहितात, पुढे ९९९० वजा ०९९९ म्हणजे ८९९१, मग ८०८२, ८५३२ आणि ६१७४. पण संख्येतली अक्षरं मोजून अंक सुटे करणाऱ्या गटाच्या रकान्यात ९९९ ला तीनच अंक मिळतात, ९९९ वजा ९९९ शून्य होतं आणि कापरेकर खोटे ठरतात. दुसऱ्या गटाने १००० ने भागून पूर्णांक भाग घेतलेला असतो, त्यांना हजारच्या घरात आपसूक ० मिळतो आणि गाडी पुढे जाते. दोन्ही गटांची सूत्रं शेजारी शेजारी लावली की डावीकडचं शून्य 'बिनकिमतीचं' असतं हे वाक्य पुन्हा तपासावं लागतं. स्थानिक किंमत आम्ही दुसरीपासून शिकवतो. ती नववीत अशी अंगावर येते.

दोन अंकी संख्यांत काय होतं ते इथे सांगत नाही. मुलांना शोधायला ठेवा. एक संख्या मिळत नाही एवढंच सांगते.

८. बटणं काढून ठेवा

जिओजेब्रात स्पर्शिका काढायचं तयार बटण आहे, लंबदुभाजकाचं आहे, कोनदुभाजकाचंही आहे. दहावीच्या पुस्तकात 'वर्तुळकेंद्राचा वापर न करता स्पर्शिका काढा' ही रचना आहे. तयार बटण समोर असताना ती कोण कशाला करेल? जिओजेब्रा क्लासिकमध्ये साधनांची पट्टी आपल्याला हवी तशी करता येते. मी बिंदू, रेषा आणि वर्तुळ एवढंच ठेवते. लंबदुभाजक मुलांनी एकदा स्वतः रचून दाखवला की ते बटण परत मिळतं. कमावलेलं बटण मुलं वेगळ्या रुबाबात वापरतात.

याच सॉफ्टवेअरमध्ये रचनेच्या पायऱ्या क्रमाने दाखवणारी एक खिडकी आहे, तीही उघडून ठेवावी. आकृती सारखीच असलेल्या दोन मुलांच्या पायऱ्या वेगळ्या निघतात, आणि वर्गातली सगळ्यात चांगली चर्चा त्यावरून होते. गुण द्यायचे तर मी आकृतीला देत नाही, या पायऱ्यांना देते.

९. एका यंत्रावर दोघं, आणि माउस नसलेला बोलेल

यंत्रं कमी असतात म्हणून दोघं बसतात. ती अडचण समजू नये. सूचना देणारा एक, हात चालवणारा दुसरा, दर दहा मिनिटांनी अदलाबदल. सांगणाऱ्याने पडद्याला बोट लावायचं नाही, 'ही रेषा', 'तो बिंदू' म्हणायचं नाही. नाव घेऊनच सांगायचं.

१०. व्हिडिओ आणि सरावाची ॲप

याबाबत माझं मत बरंच कडक आहे, पण पुरावा माझ्या एकटीचा नाही. प्रथम या संस्थेने वडोदऱ्याच्या महापालिका शाळांत चौथीच्या मुलांना आठवड्यातून दोन तास, एका संगणकावर दोघं, असे गणिताचे खेळ दिले. अभिजित विनायक बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास केला. तो २००७ साली प्रसिद्ध झाला. गणितात मुलांची प्रगती चांगलीच झाली, पण कार्यक्रम संपल्यावर वर्षभरात तिचा बराचसा भाग ओसरला. त्याच गटातले ली लिंडन यांनी गुजरातेतल्या 'ज्ञानशाळा' या संस्थेच्या शाळांत दोन प्रकार ताडून पाहिले. जिथे संगणकाचा तास शिक्षकाच्या तासाऐवजी झाला तिथे मुलं मागे पडली. जिथे तो शाळेच्या वेळेबाहेर, वरचा म्हणून झाला तिथे फायदा झाला.

आमच्याकडे २०१५ नंतर लोकवर्गणीतून शाळाशाळांत प्रोजेक्टर आले. ते चांगलंच झालं. पण शिक्षक रजेवर असला की त्या तासाला व्हिडिओ लावून द्यायची जी रीत पडली आहे ती लिंडन यांच्या पहिल्या प्रकारात मोडते, हे मुख्याध्यापकांना स्पष्ट सांगावं.

११. "दहावीला माउस मिळणार आहे का?"

हा पालकांचा प्रश्न, आणि पुष्कळदा सहकाऱ्यांचाही. मिळणार नाही. दोन भागांची लेखी परीक्षा प्रत्येकी ४० गुणांची, आणि रचना कंपासनेच काढायच्या. बालभारतीच्या नववी-दहावीच्या गणिताच्या पुस्तकांत जिओजेब्रा वापरून अमुक करा अशा चौकटी आहेत, पण परीक्षेत त्यांवर काही विचारत नाहीत म्हणून त्या पानावरून बोट पुढे सरकतं. मी पालकांशी वाद घालत नाही. पंधरा दिवसांतून एक तास संगणकाचा, बाकी सगळे कागदाचे, हे प्रमाण त्यांना सांगते आणि मुलाची रचनेची वही दाखवते. संगणक कक्षातल्या प्रत्येक तासानंतर तीच रचना कंपासने वहीत करायची असते, त्याच पायऱ्या क्रमाने लिहून. वही बघितली की पालक सहसा गप्प होतात. जे होत नाहीत त्यांना मी शनिवारी वर्गात येऊन बसायला सांगते.

१२. पेन ड्राइव्ह

जिओजेब्रा २०२१ साली बायजूज कंपनीने विकत घेतलं. वापरायला आजही पैसे पडत नाहीत, तरी इंटरनेटवर विसंबू नये. जुन्या यंत्रांवर क्लासिक ५ ही आवृत्ती नीट चालते. तिची प्रत, लिबरऑफिसची प्रत आणि मुलांच्या फाइली दोन पेन ड्राइव्हवर ठेवा. एक कपाटात, एक पर्समध्ये. फाइलला मुलाचं नाव न देता आकृतीचं नाव आणि तारीख द्या, म्हणजे पुढच्या वर्षीच्या मुलांसमोर ती उघडून "मोडते का बघा" म्हणता येतं. आणि तास संगणकाचा असला तरी खडूचा डबा सोबत न्या, वीज जाते ती नेमकी कर्ण सुचण्याच्या वेळी.